उदाहरणाचं वाक्य

वऱ्हाडी पोराला इंग्रजी शिकवायचं म्हटलं की पहिली मारामारी 'हॅड'शी होते. काल बाजाराला जाऊन आलेला पोरगा 'मी बाजारात गेलतो', म्हणजे गेलो होतो, असंच सांगणार. नुसतं 'गेलो' त्याच्या जिभेला पुरत नाही. मग इंग्रजीच्या तासाला तोच पोरगा उभा राहतो आणि ठणकावून सांगतो, "आय हॅड गॉन टू बाजार यस्टरडे." चहा प्याला, हॅड. बकरी व्याली, हॅड. मामा आला, तोही हॅड. आख्खी नववी ब अशी पास्ट परफेक्टमध्ये सुखानं नांदत होती, आणि बबिता राठोड सहा वर्षं तिला तिथून ओढून बाहेर काढायच्या खटपटीत होती.

ही सहा वर्षं होती तासिका तत्त्वावरची. हा प्रकार ज्यांना माहीत नाही ते भाग्यवान. तास घेतला तर मानधन, सुट्ट्या लागल्या की घरी बसा, आणि दर जूनमध्ये मुख्याध्यापकांचा फोन येतो की नाही म्हणून मोबाइल उशाशी घेऊन झोपा. दारव्ह्याच्या त्या खाजगी शाळेत बबितानं असे सहा जून काढले होते. आता भीमसिंग सर निवृत्त झाले, इंग्रजीची कायम जागा रिकामी झाली, आणि संस्थेनं दोन उमेदवारांना नमुना पाठासाठी बोलावलं. एक बबिता आणि दुसरा मारेगावचा नयन. जागा नयनला मिळाली तर बबिताचे तासही त्याच्याकडेच जाणार होते. म्हणजे पुढच्या जूनमध्ये फोन येणारच नव्हता, वाट पाहायचं कामच उरणार नव्हतं.

विषय दोघांना एकच मिळाला. प्रेझेंट परफेक्ट घ्यायचा की पास्ट परफेक्ट, हे मुलांना कळलं पाहिजे. नयनला नववी अ, बबिताला नववी ब. विषय पाहून बबिताला बरं वाटलं. याच दुखण्याशी तर ती रोज झगडत होती.

पण त्याच दुपारी मुख्याध्यापक राजकुमार सरांनी तिला व्हरांड्यात गाठलं. इकडंतिकडं पाहून ते म्हणाले, "मॅडम, हाताचं सांगून ठेवा पोरायले."

"सर, कायले ते? पोरं चांगली तयार आहेत."

"तयार असली तरी सांगून ठेवा. नयन सर सांगणारच ना. मंग तुमच्या वर्गात चार हात आन् त्यायच्या वर्गात चाळीस, कसं दिसन?"

हाताचं प्रकरण त्या शाळेत जुनं होतं. निवृत्त झालेल्या भीमसिंग सरांनी ते सुरू केलं होतं, निदान शाळेत तसं बोललं जायचं. तपासणीला कुणी साहेब आला आणि वर्गात प्रश्न विचारला गेला, की झाडून सगळ्या पोरांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. शिक्षकानं उजवा हात हेरून बोट दाखवायचं. मागं खुर्चीत बसलेल्या साहेबाला दिसायचं ते इतकंच, की वर्ग मोठा हुशार आहे. साहेब खूष, शाळा खूष, आणि डाव्या हाताची पोरं तर सगळ्यात खूष, कारण त्यांच्या वाटेला कुणी जायचं नाही.

बबिताला हे पक्कं ठाऊक होतं. ती याच शाळेत शिकली होती आणि पहिली दोन वर्षं तिनं डावाच हात वर केला होता. घरी तांड्यावर बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी, त्यावर हे इंग्रजी. हात वर करून गप्प बसून राहण्यात तिला तेव्हा फार सुरक्षित वाटायचं. पुढं तिनं स्वतःच हट्टानं तो हात बदलला. म्हणून तर तिला ही पद्धत मनापासून आवडत नव्हती. पण आवडत नाही म्हणून नाकारायची, तर त्याला लागते हिंमत, आणि ती सहा जूननी तिच्याकडं फारशी ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गात दार लावून तिनं मुलांना हाताचं सांगितलं. मुलं फिदीफिदी हसली आणि लगेच शिकली. असल्या गोष्टी शिकायला मुलांना व्याकरण लागत नाही.

नंतरचे दिवस तिनं जीव तोडून तयारी करून घेतली. कापसाची वेचणी जोरात होती, त्यामुळं वर्गात रोज कुणी ना कुणी गायब असायचं. जे असायचे त्यांना ती स्टँडवर उभं करायची, म्हणजे कल्पनेतल्या स्टँडवर.

"हातात पिशवी आहे. तुम्ही धावत आले आणि पाहता तर एसटी निघून गेली. तुम्ही अजून तिथंच उभे. आता घरी कसं जायचं, हा घोर आत्ता आहे. इथं हॅज. द बस हॅज लेफ्ट. कळलं?"

"हाव मॅडम."

"आता रात्री जेवताना तुम्ही आईला सांगून राह्यले. मी स्टँडवर पोचली, त्याच्या आधीच एसटी गेलती. पोचणंही झालं, जाणंही झालं. दोन्ही होऊन गेलेलं. त्यातलं जे आधी झालं, त्याला हॅड. ज्याचा घोर अजून मिटला नाही, त्याला हॅज, हॅव."

मुलांना ते पटायचं. एसटी चुकल्याचा अनुभव त्या वर्गात सगळ्यांनाच होता. मग ती प्रश्न टाकायची, सगळे हात वर जायचे, आणि ती उजवे हात वेचून घ्यायची. पहिल्या बाकावरची समीक्षा, तिच्या मागचा बादल, खिडकीकडची दोघं. तिला चटकन दिसायला लागलं कोण कुठं आहे ते. शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसणारी सुरभी रोज डावा हात उंच करायची, अगदी कोपर ताणून. बिचारीला काहीच येत नाही पण उत्साह दांडगा, असं बबिताच्या मनात आलं आणि तिची नजर पुढं सरकली.

पाठाच्या आदल्या संध्याकाळी आईनं, रुक्माबाईनं, भाकरी थापता थापता गोरबोलीत विचारलं, की उद्याचं झालं म्हणजे दर साली त्या फोनची वाट पाहणं संपेल ना? बबिता म्हणाली, "संपेल याडी." कुठून आला तिला एवढा भरवसा कोण जाणे. जेवण मात्र तिला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आधी नयनचा पाठ झाला. शेजारच्या वर्गातून टाळ्या ऐकू आल्या. नयन बाहेर आला, तिला पाहून थांबला आणि रंगीत खडूंची पेटी पुढं करून म्हणाला, "घ्या मॅडम, आतमधले खडू लय ठिसूळ आहेत." माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. चांगल्या माणसाशी स्पर्धा फार जड जाते.

तिच्या वर्गात मागं तीन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीत संस्थेचे सचिव पुंडलिकराव, ज्यांना सगळे भाऊ म्हणत. शेतकरी माणूस, शाळेवर जीव, पण इंग्रजीशी त्यांचा काही संबंध नव्हता. दुसरीत राजकुमार सर. तिसरीत यवतमाळहून विषयतज्ज्ञ म्हणून आलेल्या विमलताई, आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, अंगानं लहानखुऱ्या. त्यांनी पदर खोचला, चष्मा लावला आणि मांडीवर कोरा कागद घेऊन बसल्या. त्या कागदाची बबिताला भीती वाटली.

पण एसटी फळ्यावर आली आणि तिची भीती गेली. तिनं स्टँड काढलं, पिशवी काढली, धावणारी मुलगी काढली. मुलं हसली. तिनं पहिला प्रश्न टाकला आणि सगळा वर्ग हात वर करून तयार. भाऊंनी मान डोलावली. समीक्षानं उत्तर दिलं, बरोबर. बादलनं दिलं, तेही बरोबर. खिडकीकडच्या मुलानं 'हॅड' म्हणता म्हणता जीभ चावली आणि 'हॅज' म्हटलं, त्यावर विमलताईसुद्धा हसल्या. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. आपली निवड होणार असं बबिताला त्या वेळी खरोखर वाटलं, आणि वाटल्याबरोबर तिला पुन्हा भीती वाटायला लागली, कारण आता हातात आलेलं जाण्याची भीती होती.

"मॅडम, एखादा प्रश्न मी विचारू का?"

विमलताई उठल्या होत्या. बबिता "विचारा ना" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? विमलताई बाकांमधून सावकाश चालत आल्या आणि वर्गाकडं तोंड करून म्हणाल्या, "एक वाक्य हॅव किंवा हॅजचं, एक हॅडचं. पण फळ्यावरचं नको, एसटीचं नको. स्वतःचं पाहिजे. कोण सांगतं?"

हात वर गेले. एसटीबाहेर काढल्याबरोबर उजवे हात कमी झाले होते. बादलनं तर लाजून डावा केला होता. विमलताईंची नजर हातांवरून फिरली, सावकाश, एकेका हातावर थांबत, आणि शेवटच्या बाकावर जाऊन ठरली.

"ती. भिंतीजवळची."

सुरभी. कोपर ताणलेला डावा हात.

बबिता पटकन बोलून गेली, "मॅडम, ती जरा अबोल आहे. समीक्षाला विचारा ना, ती चांगलं सांगते."

"अबोल मुलगी एवढा हात वर करत नाही," विमलताई म्हणाल्या. "ऊठ बाळ. नाव काय तुझं?"

"सुरभी."

"सांग सुरभी."

सुरभी उभी राहिली. वर्गातली कुजबुज थांबली, कारण नियम सगळ्यांना माहीत होता. डाव्या हाताला उठवलं म्हणजे आता फजिती. पुढच्या बाकावरची समीक्षा मागं वळून पाहायला लागली. राजकुमार सर खुर्चीत पुढं सरकले. बबिताच्या हातातला खडू मोडला. पोरगी उभी राहील, गप्प राहील, विमलताई दुसऱ्या डाव्या हाताला उठवतील, मग तिसऱ्या, आणि मग सगळं बाहेर येईल. सहा वर्षं अशी उघडी पडायची होती तर!

सुरभीनं ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "व्हेन माय मदर केम फ्रॉम द फील्ड, आय हॅड कुक्ड द राइस."

आई शेतातून आली, त्याच्या आधीच मी भात रांधला होता. वाक्य चोख होतं. हॅड जिथं पाहिजे तिथंच. बबिताला आपल्या कानांवर विश्वास बसेना.

"छान. आता हॅव किंवा हॅजचं."

सुरभीनं विमलताईंकडं पाहिलं, मग फळ्याजवळ उभ्या असलेल्या बबिताकडं पाहिलं. आवाज न चढवता, अगदी सरळ, तिनं वाक्य म्हटलं.

"मॅडम हॅज नेव्हर आस्क्ड मी."

"काय म्हणली पोरगी?" भाऊंनी राजकुमार सरांना कोपर मारून विचारलं.

"मॅडमनं मले कधी विचारलंच नाई, असं म्हणून राह्यली." सर घाईघाईनं हसले. "उदाहरण हाय भाऊ. वाक्याचं उदाहरण."

"असं! भारीच की!" भाऊ खो खो हसले. ते हसले म्हणून वर्ग हसला. समीक्षा हसली, बादल हसला. हसली नाही ती सुरभी, आणि विमलताई. त्या बबिताकडं वळल्या आणि सहज विचारावं तसं म्हणाल्या, "उदाहरणच आहे ना, मॅडम?"

बबिताला 'नाही' म्हणता आलं असतं. ते तिच्या ओठापर्यंत आलंही होतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण मागं तीन खुर्च्या होत्या, विमलताईंचा कागद होता, रात्री याडीला दिलेला शब्द होता. आणि सुटकेची वाट इतकी सोपी होती. एकच शब्द.

"हो," ती म्हणाली. "उदाहरणच."

सुरभी खाली बसली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. घंटा झाली, भाऊंनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

व्हरांड्यात बबिता नळाला तोंड लावून पाणी प्याली आणि तशीच वाकून उभी राहिली. समीक्षा धावत आली. तिच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

"मॅडम, आपला पाठ एक नंबर झाला ना? मले तं वाटलं सुरभीनं आता घोळ केला. पण तिले सगळं येते मॅडम."

"येते तर डावा हात काहून वर करते ती?"

"ती डावरीच हाय ना! लिवाले, जेवाले तिच्या आजीनं मारून मारून उजवा करून देल्ला, पण हात वर करा म्हटलं का तिचा डावाच वर जाते. आन् तुम्ही नियम सांगतला ना, त्या दिवशी ती वेचणीले गेलती. तिले मालूमच नोहतं. मी आत्ता सांगतलं तं म्हणते, म्हणजे इतके दिवस मी येत नाई म्हणून हात वर करून राह्यलती का?" समीक्षाला हे फार गमतीचं वाटत होतं. "मॅडम, आता तुम्ही परमनंट होसान ना?"

रोज कोपर ताणून वर केलेला तो हात बबिताच्या डोळ्यांपुढं आला. त्या हाताकडं तिनं रोज पाहिलं होतं आणि रोज नजर पुढं सरकवली होती. बिचारी म्हणाली होती ती तिला, मनातल्या मनात. आता तिला स्वतःची इतकी लाज वाटली की नळ बंद करायचं भान राहिलं नाही.

शाळा सुटायच्या सुमारास तिला कार्यालयात बोलावणं आलं. भाऊंनी उठून हात जोडले.

"अभिनंदन मॅडम. नयन सरचाही पाठ चांगला झाला, मी त्यायले तसं सांगून पाठवलं. पण तुमच्या शेवटच्या बाकावरची पोरगी अशी फडाफड इंग्रजी बोलते म्हणल्यावर विषयच संपला. मी अन् सरांनी सही केली. ताईंची झाली का कागद यवतमाळले गेला समजा."

राजकुमार सरांनी पेढ्यांचा पुडा पुढं सरकवला. विमलताई चहा पीत होत्या. कागद त्यांच्यापुढं होता, पेन कागदावर आडवं होतं.

बबितानं पेढा घेतला नाही. "भाऊ, ते उदाहरण नव्हतं," ती म्हणाली.

"कोणतं?"

"सुरभीचं वाक्य. मी खरंच तिला कधी काही विचारलं नाही. आमच्याकडं हाताचा नियम आहे. येतं त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. मी उजवेच विचारले." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "ती डावखुरी आहे. नियम तिला माहीत नव्हता. तिला वाटत होतं, आज विचारतील, उद्या विचारतील. आणि मी..."

"मॅडम!" राजकुमार सरांचा चेहरा पडला. "कायले बोलून राह्यल्या? झालं ना सगळं चांगलं!"

भाऊ एकदा सरांकडं, एकदा बबिताकडं पाहत राहिले. त्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला होता. आता काय होणार ते बबिताला कळत होतं आणि तरी तिला आतून हलकं वाटत होतं. सांगून टाकलं, सुटले, असं.

विमलताईंनी कप खाली ठेवला.

"मला पहिल्याच प्रश्नाला दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "डाव्या-उजव्याचा खेळ आमच्याही शाळेत होता. मीच कितीदा खेळली. म्हणून तर डावा हात उठवला मी. पोरगी बोलली आणि मी खरंच चकित झाली. मग तुम्हाला विचारलं. उगाच नाही विचारलं. तिच्यासमोर, सगळ्या वर्गासमोर विचारलं. तिथं तुम्ही काय सांगितलं?"

"उदाहरणच," बबिता म्हणाली.

"तिथं तुम्ही उदाहरण म्हणाल्या. आणि आता खरं सांगून राह्यल्या, तेही मला. खोटी मी पडली का तिथं, का ती पोरगी?"

तिचं हलकं झालेलं मन एका क्षणात पुन्हा जड झालं, आधीपेक्षा जास्त. बाहेर शेवटची घंटा झाली आणि मुलांचा लोंढा फाटकाकडं निघाल्याचा गलका आला.

"मी येते," बबिता म्हणाली.

"अहो, सहीचं तं होऊ द्या!" राजकुमार सर ओरडले. "ताई काय करतात ते तं पाहा!"

विमलताईंनी पेन उचललं होतं. ते कागदावर टेकतं की पिशवीत जातं, हे पाहायला बबिताला दोन क्षण थांबणं पुरेसं होतं. सहा वर्षांत तिला याहून महत्त्वाचं काही पाहायचं नव्हतं. ती थांबली नाही.

बोरी अरबकडं, म्हणजे सुरभीच्या घराच्या वाटेनं, जाणाऱ्या जीपा शाळेच्या पुढच्या चौकात लागतात आणि भरल्याशिवाय हलत नाहीत. लखीरामची जीप भरत आली होती. मागच्या बाजूला कापसाच्या गाठोड्यांत पाय अडकवून माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि त्यांच्यात, भुरीबाई नावाच्या म्हातारीला खेटून, दप्तर मांडीवर घेतलेली सुरभी होती. बबिता धापा टाकत जीपच्या मागं जाऊन उभी राहिली. सगळी माणसं तिच्याकडं पाहायला लागली.

"बसता का मास्तरीनबाई? एक सीट आहे," लखीराम पुढून म्हणाला.

"नाही. सुरभीशी बोलायचं आहे."

"काय केलं वं हिनं?" भुरीबाईनं विचारलं.

"हिनं काही नाही केलं. मी केलं." बबितानं जीपचा गज धरला. माणसं एवढी होती, पण आता हळू बोलायचं नाही हे तिनं ठरवलं होतं. "सुरभी, तू वर्गात बोलली ते उदाहरण नोहतं. खरं होतं. मी खोटं बोलली."

सुरभी मान खाली घालून दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. जीपमधली माणसं अवघडली. एकानं उगाच खाकरून घेतलं.

"तुम्ही तं सगळ्यायसमोर म्हणल्या उदाहरण म्हणून," सुरभी शेवटी म्हणाली. "भाऊ पण हासले."

"हाव. उद्या सगळ्या वर्गासमोर सांगीन मी. तुझ्यासमोर. राजकुमार सरांसमोर पण."

"तुमची नोकरी गेली का मॅडम?"

"मले नाई माहीत. मी पाहलंच नाई."

सुरभीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत नव्हती. उलट ती चांगलीच रागावलेली होती, आणि इतके दिवस साठलेला तो राग बबिताला आता कुठं दिसला.

"मंग आता विचारा," सुरभी म्हणाली.

"काय?"

"कायबी. मले विचारा ना आता."

लखीरामनं हॉर्न दिला. जीपमधली सगळी माणसं बबिताच्या तोंडाकडं पाहत होती, सुरभी तर पापणीही न हलवता पाहत होती. आणि सहा वर्षं पोरांना प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या बबिताला तिच्यासाठी एकही प्रश्न सुचेना.